परक्याचा सण

सण कोणाचा, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्याच्या घरी तो होतो त्याचा, हे उत्तर इतके उघड आहे की प्रश्नच वेडगळ वाटावा. परंतु ज्याच्या घरी तो कधीच झाला नाही असा एखादा मनुष्य नेमका त्या दिवशी उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, तर त्याने आत यावे की नाही, आल्यास कोठवर यावे, आणि आत जे काही करावयाचे ते मनापासून करावे की यजमानाचे मन राखण्यापुरते करावे, हे प्रश्न वाटतात तितके लहान नाहीत. त्यांत धर्माचा प्रश्न आहे, सभ्यतेचा आहे, आणि सर्वांहून अधिक सचोटीचा आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो केवळ तात्त्विक कुतूहलामुळे नव्हे. आमच्या जालना जिल्ह्यातील अंबड, परतूर, भोकरदन अशा तालुक्यांच्या गावांतून अलीकडे मुले-मुली उच्च शिक्षणासाठी विलायतेस जाऊ लागली आहेत. सप्टेंबरात ती तिकडे पोहोचतात आणि तीन महिन्यांच्या आत नाताळ येतो. वर्गातील सोबती किंवा एखादे ओळखीचे कुटुंब त्यांस घरी जेवावयास बोलावते, आणि इकडे घरात चर्चा सुरू होते. आजोबा म्हणतात, "जाऊ नये, एकदा त्यांच्या पंक्तीस बसला की परतणे नाही." वडील म्हणतात, "हल्ली असले कोण मानतो? जावे, खावे, मजा करावी." अशा घरांतून आमचा अभिप्राय विचारला जातो तेव्हा आम्हांस दोन्ही मते सारखीच अपुरी वाटतात. आजोबांच्या मते त्या जेवणात सर्व काही आहे. वडिलांच्या मते त्यात काहीच नाही. खरा प्रश्न ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे.

इंग्रजांचा सण जालन्यास नवा नाही. शहराच्या पूर्वेस १८२७ च्या सुमारास छावणी वसली आणि १९०३ साली हैदराबाद कंटिन्जंट मोडले तेव्हा ती उठली. म्हणजे पाऊणशे वर्षे डिसेंबरची पंचविसावी तारीख ह्या गावाने पाहिली आहे. कोकणपट्टीत पोर्तुगीजांमुळे ह्या सणास 'नाताळ' हे नाव पडले. उत्तरेकडील हिंदुस्थानी बोलीत आणि छावण्यांतून त्यास 'बडा दिन' म्हणत. त्या दिवशी साहेबाच्या बंगल्यावर 'डाली' घेऊन जाण्याची रीत देशातील छावण्यांत सर्वत्र होती. डाली म्हणजे फळे, सुका मेवा, मिठाई ह्यांनी भरून फुलांनी सजविलेले ताट. कंत्राटदार, सावकार, हाताखालचे कारकून, जमीनदार, ज्याचे साहेबाशी काम पडे तो प्रत्येक जण ती नेई. जालन्यास तर फळांच्या बागा पूर्वीपासून नामांकित. येथील फळे हैदराबाद-मुंबईपर्यंत जात. डालीसाठी येथे फार लांब जावे लागत नसणार.

आता ह्या डालीस भेट म्हणावे की पट्टी? सरकारी नोकरांनी देणग्या घेऊ नयेत असा दंडक होता, परंतु फळे-फुले घेण्यास मोकळीक होती. त्या मोकळिकीतून ही प्रथा सुखाने नांदली. देणारा हसतमुखाने देई, घेणारा हसतमुखाने घेई. तरी देणाऱ्याच्या मनात एक हिशेब असे, आणि तो असा : दुसऱ्याने नेली व आपण नेली नाही तर काय होईल? ज्या भेटीच्या पोटी हा प्रश्न आहे ती भेट नव्हे. साहेबाच्या सणात गावाने भाग घेतला हे खरे. पण तो व्हरांड्याच्या पायरीपर्यंतच. पायरीच्या आत मेज मांडलेले असे; तेथे खुर्ची ठेवण्याचे कोणाच्या मनात आले नाही, आणि डाली न नेण्याची मुभाही कोणास नव्हती. परक्याच्या सणाचे हे पहिले रूप : जेथे 'नाही' म्हणता येत नाही, तेथे 'होय' म्हणण्यासही अर्थ उरत नाही.

पण जालन्यास इंग्रजी राज्याबरोबर आणखीही एक गोष्ट आली. मुंबईत १८४३ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या आश्रयाने ह्या भागात काम केले आणि निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती वसतिस्थान उभारले. पुढे स्कॉटिश मिशनचे इस्पितळही येथे झाले. आजही आमच्या परिसरात मराठी बोलणारी, मराठी गाणी म्हणणारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत आणि नाताळ हा त्यांच्या घरचा सण आहे. त्यांच्या बाबतीत 'विलायती' हा शब्द उच्चारणे अन्यायाचे होईल.

येथे इतिहासातील एक गंमत वाचकांनी ध्यानी घ्यावी. ज्या स्कॉटलंडातून हे मिशन आले, त्या स्कॉटलंडच्या सुधारणावादी धर्मपंडितांनी १५६० मध्येच नाताळाचा सण शास्त्राधार नसलेला म्हणून त्याज्य ठरविला होता. १६४० मध्ये तेथील पार्लमेंटाने ह्या सणाची सुटी रद्द केली. आणि नाताळ ही स्कॉटलंडात सार्वजनिक सुटी झाली ती थेट १९५८ साली. तेथे थाट असे तो नववर्षाचा. इंग्लंडातही १६४७ साली प्युरिटन पार्लमेंटाने नाताळ, ईस्टर इत्यादी सण बंद केले. त्या वर्षी कॅन्टरबरीत दुकाने उघडी ठेवण्याचा हुकूम झाला तेव्हा लोकांनी दंगा केला. १६६० मध्ये राजा परत आला तेव्हा सणही उजळ माथ्याने परत आला. म्हणजे ज्यास आपण 'साहेबाचा पुरातन सण' समजतो, तो खुद्द साहेबाच्या देशात कधी वंद्य तर कधी निंद्य ठरलेला आहे.

त्याचा आजचा थाट तर आणखी अलीकडचा आहे. घरात सुचिपर्णी झाड सजविण्याची चाल जर्मनांची. राणी शार्लट हिने १८०० साली विंडसर येथे तसे झाड मांडले आणि १८४८ साली राणी व्हिक्टोरिया व तिचा जर्मन पती ह्यांचे झाडाभोवतीचे चित्र छापून आले तेव्हा ती चाल घरोघर पसरली. नाताळाचे पहिले छापील शुभेच्छापत्र आणि डिकन्सची ह्या सणावरील प्रसिद्ध कथा ही दोन्ही १८४३ ची, म्हणजे शेषाद्रींच्या धर्मांतराच्या वर्षाची. टर्की पक्षी मूळचा अमेरिकेचा. पुडिंगातील बेदाणे, लवंग, जायफळ हे तर दूरदूरच्या देशांचे. १९२७ साली साम्राज्याच्या व्यापाराची जाहिरात करणाऱ्या सरकारी मंडळाने पुडिंगाची जी कृती प्रसिद्ध केली, तीत प्रत्येक जिन्नस साम्राज्याच्या कोणत्या भागातून घ्यावा हे नमूद होते आणि हिंदुस्थानच्या वाट्यास मसाला आला होता.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की, सण मुळातच उसना आहे तर पाहुण्याने एवढा विचार कशास करावा? हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. आमच्या उपवासाच्या फराळात बटाटा, मिरची व शेंगदाणा अमेरिकेहून आले, म्हणून आमची एकादशी अमेरिकन ठरत नाही. सणाचे साहित्य कोठूनही येवो, त्याचा अर्थ तो पाळणाऱ्यांच्या मनात वसतो. इतिहासावरून सिद्ध होते ते इतकेच की, कोणत्याही सणाभोवती कुंपण घालून 'हे सर्व आमचे, बाकीच्यांचे येथे काही नाही' असे म्हणता येत नाही. ज्यात इतक्या परक्या वस्तूंना जागा मिळाली, त्यात परक्या माणसासही मिळू शकेल. प्रश्न उरतो तो ती जागा कोणती, हा.

आमचा एक विद्यार्थी इंग्लंडच्या उत्तर भागातील एका विद्यापीठात शिकावयास गेला. पहिल्या नाताळानंतर त्याने लिहिलेल्या मजकुरातील काही भाग ह्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. त्यास प्रथम आश्चर्य वाटले ते शांततेचे. आपल्याकडे सण म्हणजे रस्त्यावर गर्दी, वाद्ये, दुकानांत झुंबड. तेथे पंचविसाव्या तारखेस आगगाड्या बंद, बहुतेक बसगाड्या बंद, मोठी दुकाने तर २००४ च्या कायद्यानेच बंद. वसतिगृह ओस पडलेले. सण सर्वस्वी घराच्या चार भिंतींत शिरलेला, आणि ज्यास घर नाही त्यास त्या दिवशी गावच नाही. एका वृद्ध दांपत्याने त्यास दुपारच्या जेवणास बोलाविले नसते, तर तो दिवस त्याने खिडकीशी बसून काढला असता.

त्या घरी त्याच्यापुढे तीन पेच पडले. पहिला कागदी मुकुटाचा. जेवणाच्या आरंभी दोघांनी दोन बाजूंनी ओढून फोडावयाची रंगीत नळी असते. तीतून पातळ कागदाचा मुकुट निघतो आणि तो घालूनच जेवावयाचे. पंचाहत्तर वर्षांचे निवृत्त गृहस्थ हिरवा मुकुट घालून गंभीरपणे वाढीत होते. ह्या मुलास आधी लाज वाटली, मग त्याने लाल मुकुट घातला. दुसरा पेच भेटवस्तूचा. आपल्याकडे आहेर मिळाला की तो बाजूस ठेवावयाचा. देणाऱ्यासमोर उघडणे म्हणजे हावरेपणा. तेथे तो देणाऱ्यासमोरच उघडावा लागतो, न उघडणे हा अनादर. त्यास हातमोजे मिळाले होते. ते उघडताना आपला हात कापत होता, असे तो लिहितो. तिसरा पेच अधिक बिकट. हा मुलगा माळकरी घरातला, मांसाहार न करणारा. पुडिंग दिसावयास गोड व निरुपद्रवी. परंतु जुन्या कृतीप्रमाणे त्यात गुराची चरबी घालतात, हे त्याच्या वाचनात आले होते. विचारावे तर यजमानिणीच्या पाककृतीवर शंका घेतल्यासारखे, न विचारावे तर घरी आजीच्या डोळ्यास डोळा कसा भिडवावा? त्याने विचारले. त्या बाई म्हणाल्या की त्यांनी त्याच्यासाठी वेगळे, वनस्पतीजन्य चरबीचे पुडिंग तीन आठवड्यांपूर्वीच करून ठेवले आहे, आणि तो विचारतो केव्हा ह्याचीच त्या वाट पाहत होत्या.

जेवणानंतर ते दांपत्य संध्याकाळच्या प्रार्थनेस निघाले. त्यांनी त्यास सांगितले, "यावयाचे तर ये, नाही तर येथे शेकोटीपाशी बैस." तो गेला, मागच्या बाकावर बसला, सर्वजण उभे राहिले तेव्हा उभा राहिला, गुडघे टेकले तेव्हा मात्र बसून राहिला. कोणी वळून पाहिले नाही.

ह्या साध्या हकिकतीत आमच्या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर आहे असे आम्हांस वाटते. कोणत्याही सणाचे तीन भाग पडतात : उपासना, घरचा रिवाज आणि भोजन. भोजनात पाहुणा पूर्णपणे सहभागी होऊ शकतो, आपल्या पथ्यापुरता. कारण भूक व तृप्ती ह्यांस पंथ नसतो. घरच्या रिवाजात त्याने मुकुट घालावा, भेट उघडावी. कारण रिवाज ही त्या घराची भाषा आहे, आणि दुसऱ्याच्या घरी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलल्याने कोणी आपली भाषा विसरत नाही. उपासनेत मात्र त्याने साक्षी असावे. तेथे गुडघे टेकणे हे विधान आहे. ज्याचा त्या विधानावर विश्वास नाही त्याने ते करणे म्हणजे यजमानास जी गोष्ट सर्वांत पवित्र तिच्याविषयी खोटे बोलणे होय. आजोबांस भीती वाटते की मुलगा तेथे जाऊन आपला धर्म सोडील. आम्हांस वाटते की, जो परक्याच्या देवापुढे खोटा नमस्कार करीत नाही तो आपल्या देवापुढेही खोटा नमस्कार करणार नाही. आणि वडिलांच्या 'मजा करावी' ह्या उपदेशात नेमकी हीच कसोटी हरवते.

आपल्या प्रांताने ह्या प्रश्नाची फार मोठी किंमत पूर्वी मोजली आहे. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये झालेल्या समारंभात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले प्रभृती मंडळींपुढे चहा आला. कोणी तो प्याले, कोणी केवळ मान राखण्यासाठी पेला हाती घेतला. गोपाळराव जोशी ह्यांनी ती नावे प्रसिद्ध केली आणि मग ग्रामण्य, शंकराचार्यांपुढे दाद, प्रायश्चित्त हे सर्व प्रकरण कित्येक महिने गाजले. आज आपण त्यास हसतो. पण हसताना एक गोष्ट विसरू नये. त्या मंडळींस यजमानाने काही सक्ती केली नव्हती. सक्ती केली ती त्यांच्याच समाजाने. डाली नेणाऱ्यास 'नाही' म्हणण्याची मोकळीक नव्हती. पेला घेणाऱ्यास 'होय' म्हणण्याची नव्हती. दोन्ही ठिकाणी माणसाच्या आतिथ्याचा निर्णय दुसऱ्यांनी केला.

आणि त्याच गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाई! १८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या तेव्हा, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी श्रीरामपूरच्या सभेत जाहीर सांगितले होते. रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या ख्रिस्ती घरात त्या मुलीप्रमाणे राहिल्या; लुगडे सोडले नाही, शाकाहार सोडला नाही, आणि घरच्यांचे प्रेमही नाकारले नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत तिला जागा मिळाली. ज्या घराने तिचा धर्म मागितला नाही, त्याने तिला आपल्या पूर्वजांशेजारी जागा दिली. पाहुणेपणाची याहून मोठी साक्ष आम्हांस ठाऊक नाही.

येथवर आम्ही आपल्या मुलांची बाजू पाहिली. परंतु नीतीचा कोणताही विचार उलटून पाहिल्याशिवाय पुरा होत नाही. आमच्या जालन्यात पोलादाचे कारखाने आहेत. त्यांच्या भट्ट्यांपुढे काम करणारे पुष्कळ मजूर बिहार व उत्तर प्रदेशातून आलेले आहेत. त्यांस आमची भाषा नीट येत नाही. त्यांचा छठ कार्तिक शुद्ध षष्ठीस येतो तेव्हा आमची दिवाळी उरकून आम्ही आळसावलेले असतो. महाविद्यालयांच्या वसतिगृहांत परप्रांतीय मुले असतात. दिवाळीत खानावळ बंद होते आणि ज्यांस एवढ्या सुटीत घरी जाणे परवडत नाही ती मुले बिस्किटांवर दिवस काढतात. दूर देशी एका वृद्ध जोडप्याने आमच्या मुलास बोलाविले ह्याचे आम्हांस अप्रूप वाटते. आमच्या गल्लीत किती घरांनी असे कोणास बोलाविले आहे?

बोलाविणे दूरच; कित्येकदा आम्ही त्यांजकडून वसूल करतो. उत्सवाच्या दिवसांत तरुणांचा घोळका पावतीपुस्तक घेऊन दुकानातून, टपरीवरून, भाड्याच्या खोल्यांतून फिरतो. रक्कम आधीच लिहिलेली असते. परप्रांतीय फळवाला ती निमूट देतो. त्याच्याही मनात तोच जुना हिशेब असतो, की शेजाऱ्याने दिली व आपण दिली नाही तर काय होईल? साहेब गेला, छावणी उठली, पण डाली उरली; आता ती आम्ही घेतो. आणि ज्याच्याकडून घेतली त्यास मंडपात प्रसादापलीकडे खुर्ची क्वचितच मिळते.

हे चित्र सर्व काळे आहे असे मात्र नव्हे. मराठवाड्यातील गावांत ईदेच्या दिवशी शीरखुर्म्यासाठी शेजाऱ्याकडे जाणे आणि संक्रांतीस त्याच्याकडे तिळगूळ पाठविणे ही रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. त्यासाठी कोणी शास्त्र धुंडाळले नाही. शीरखुर्मा खाणाऱ्याने नमाज पढला नाही आणि तिळगूळ घेणाऱ्याने सूर्यास अर्घ्य दिले नाही. दोघांसही एकमेकांचे 'कोठवर' ठाऊक होते. हे शहाणपण पुस्तकी नव्हते, म्हणूनच ते टिकले; आणि ते पुस्तकी नव्हते म्हणूनच, आता कोणी मोठ्या आवाजात 'आमचे' आणि 'त्यांचे' असा हिशेब मांडू लागला की त्यास उत्तर देणे जड जाते. जे आपण सहज करीत होतो ते का करीत होतो, हे आता समजून करावे लागेल. नाही तर ते आपल्या हातून निसटेल.

तेव्हा विलायतेस जाणाऱ्या मुलास आमचे सांगणे इतकेच : बोलाविले तर जा. खाण्याचे पथ्य असेल ते आधीच मोकळेपणाने सांग. त्यात यजमानाचा मानच आहे. मुकुट घाल, भेट समोर उघड. प्रार्थनेस जावेसे वाटले तर जा, आणि जे मनात नाही ते शरीराने करू नकोस. आणि त्याच्या घरच्यांस आमची एक विनंती आहे. मुलगा दूर देशी ज्या दिवशी कोणाच्या पंक्तीस बसेल, त्या दिवशी त्याच्या वाट्याचे पान इकडे रिकामे असते. येत्या दिवाळीत ते पान मांडावे, आणि गल्लीच्या टोकास भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, आपली भाषा अर्धवट बोलणाऱ्या कोणास तरी त्यावर बसवावे. तो येतो म्हणाला तर आनंद आहे. नको म्हणाला, तर त्या नकाराचाही तितकाच मान ठेवावा.